सावडीचं पान

पावसाळा आला की काही लोकांना कविता होतात. मला चिखल्या होतात. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत पांढरी पडलेली कातडी, आग, खाज, आणि झोपताना त्यावर चोळलेलं हळद-खोबरेल. ब्लाउज शिवणाऱ्या बाईला चिखल्या व्हायचं खरं तर काही कारण नाही. माझं शिलाईचं दुकान महाडच्या बाजारपेठेत आहे. खाली गुळगुळीत फरशी, पाय मशीनच्या पायडलवर, कोरडे ठणठणीत. तरी दर आषाढात मी हे दुखणं विकत आणते आणि वर मिरवतेसुद्धा. शेजारचा मेडिकलवाला मलम पुढे करत विचारतो, "काय काकू, यंदापण?" मी म्हणते, "यंदापण."

आषाढ हा आमच्या धंद्याचा उपासाचा महिना. लग्नसराई आटोपलेली असते, गणपतीची कापडं अजून कपाटाबाहेर आलेली नसतात. नवरा एमआयडीसीत कुठल्या ना कुठल्या पाळीला असतो. बाजारपेठेतले सगळे आपापल्या दारात उभे राहून सावित्री नदीचं पाणी कुठवर आलं याची चौकशी करत असतात. अशात समोरून एखादी मोटारसायकल जाते. मागे बसलेल्याच्या मांडीवर भाताच्या रोपाच्या मुठी, हिरव्यागार, मुळांतून गढूळ पाणी ठिबकणाऱ्या. तो वास दुकानात शिरला की माझ्याने बसवत नाही. आणि नेमका लेकीचा फोन येतो, "आई, चिखलणी झाली. येतेस ना?" जशी काही मी नाही म्हणणार आहे.

मुक्ता आता पुण्याला नोकरी करते आणि लावणीसाठी रजा काढते. साहेबाला काय सांगते ते देव जाणे. पण मी म्हणते ती लावणी झाली तेव्हा ती महाडच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि जगाचं भलं करायच्या वयात होती. त्याआधी तिने लावलेली झाडं शेळ्यांनी खाल्ली होती आणि तिने काढलेलं वाचनालय वाळवीने. खाणाऱ्यांची पोटं भरण्यात पोरीचा हातखंडा आहे, असं मी तिला चिडवायची. ती चिडायची नाही, हीच पंचाईत होती.

एका संध्याकाळी ती कॉलेजच्या शिबिरावरून घरी आली. शिबीर कापडे गावाच्या वरच्या अंगाला, माझ्या माहेरच्याच वाडीवर होतं. बूट न काढता दारातच उभी राहून म्हणाली, "आई, वाडीवर संध्याकाळी धूर दिसत नाही."

मी म्हटलं, "धुक्यात काय दिसणार?"

"धुकं होतं गं. धूर नव्हता."

मला कळायला वेळ लागला. आमच्या लहानपणी दिवेलागणीला वाडीच्या प्रत्येक कौलातून धूर निघायचा, आणि कोणाच्या घरात काय शिजतंय ते वाटेवरच नाकाला कळायचं. सुकट भाजली तर सगळ्या वाडीला पाणी सुटायचं. आता वाडीत घरं तेवढीच आहेत, पण एका घरात एकेकच माणूस. म्हातारं, नाहीतर म्हातारी. बाकीचे मुंबईला. रेशनचा तांदूळ असतो, पण रेशनचं दुकान खाली गावात, मध्ये पऱ्या, आणि पावसात त्या ओढ्याला छातीएवढं पाणी. कसंबसं खाली उतरावं तर शेतात झिजलेला अंगठा मशीनवर उमटत नाही. तांदूळ घरात आला तरी एकट्यासाठी चूल कोण पेटवणार? मग सकाळी काळा चहा आणि बेकरीचं कडक बटर, दुपारी चहा, संध्याकाळी मीठ-भाकरीचा तुकडा, नाहीतर सरळ अंथरूण. मुक्ताने विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर. "भूक लागत नाय गो आता."

आणि हेच वाक्य भिकातात्यांनीही म्हटलं होतं.

भिकातात्या म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. आमच्या पंचक्रोशीत ते जेवणारा माणूस म्हणून प्रसिद्ध होते. तात्या जेवायला येणार म्हटलं की घरची बाई मोठा टोप काढायची. लग्नात त्यांच्या पंगतीला बसायला माणसं धावायची, कारण वाढपी तिथून हलायचाच नाही. ते नुसते खादाड नव्हते, खाण्याचा आनंद वाटणारे होते. शेजारच्याच्या पानात काय कमी आहे यावर त्यांचा डोळा असायचा. त्या माणसाला भूक लागत नाही म्हणजे काय! त्यांची बायको, माझी काकू, गेल्यापासून ते एकटे होते. मुक्ता म्हणाली, "तात्याआजोबांचा सदरा खुंटीवर असल्यासारखा दिसतो." मापं घेऊन पोट भरणारी मी, मला त्याहून जास्त सांगायची गरज नव्हती.

मग पोरांनी डब्यांची योजना काढली. पोरं म्हणजे मुक्ता, तिच्या चार मैत्रिणी आणि पिंट्या. पिंट्या कापड्याचा. त्याचं नाव प्रथमेश आहे, पण ते फक्त कंपनीच्या गेटपासवर. तो एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कंत्राटावर लागला होता. रात्रपाळी करून सकाळी मोटारसायकलवरून गावात यायचा आणि तसाच डबे घेऊन वाडी चढायचा. खालच्या गावातल्या एकेका घराने वाडीतल्या एकेका माणसाचा डबा करायचा असं ठरलं. बायका हौसेने तयार झाल्या. पिंट्याच्या आईने तात्यांचा डबा घेतला. व्हॉट्सअपचा ग्रुप निघाला, त्याचं नाव 'भरलं ताट'. मला न विचारता मलाही त्यात घातलं.

योजना अशी झकास चालली की मीसुद्धा चिडवायची थांबले. डबे भरून वर जात आणि, आमच्याकडची रीत, रिकामे परत येत नसत. दिलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आमच्याकडे पोराला चालता येण्याआधी शिकवतात. कोणी डब्यात मूठभर तांदूळ घालून पाठवी, कोणी चार आमसुलं, कोणी पापड. वाडीतल्याच म्हाताऱ्या सीताकाकूने एकदा दोन अंडी पाठवली. पिंट्याने ती खिशात घालून, जीव मुठीत धरून घाट उतरवली. पोरं प्रत्येक परत आलेल्या डब्याचा फोटो ग्रुपवर टाकत. खाली हात जोडल्याची चित्रं आणि 'डबा रिकामा येत नाही, हीच आपली संस्कृती!' मीही अंगठा टाकला. कोणाला काही खटकलं नाही. आपलीच रीत, ती कशी खटकेल?

एके दिवशी मी आणि मुक्ता पिंट्याच्या घरी बसलो होतो. बाहेर पावसाची झोड, आत चुलीपाशी आम्ही. पिंट्याच्या आईने तात्यांचा परत आलेला डबा उघडला. आत मूठभर वाल होते. करडे, राख लागलेले. तिने एक दाणा बोटांत धरून चोळला आणि तशीच खाली बसली.

"सुमनताई, हे बियाचे वाल हायत," ती म्हणाली.

भात कापून झाला की आमच्याकडे त्याच जमिनीत वाल पेरतात. त्यासाठीचं बी राख लावून मडक्यात ठेवतात. घरात काहीही संपलं तरी त्या मडक्याला हात लावत नाहीत. तात्यांनी लावला होता. म्हणजे डब्यात घालायला त्यांच्याकडे दुसरं काही उरलंच नव्हतं. आमच्या लक्षात एकदम सगळं आलं. आधी आले ते मूठमूठ तांदूळ, ती आमसुलं, ती अंडी. आम्ही त्यांना एका वेळचं जेवायला देत होतो आणि ते अब्रू राखायला घरातलं होतं नव्हतं ते आमच्या डब्यांत घालत होते. भूक मिटवायला निघालेली पोरं वाडीची मडकी रिकामी करत होती, आणि आम्ही सगळे मिळून त्याचे फोटो काढत होतो. मुक्ता रडायला लागली. पिंट्या बाहेर पडवीत जाऊन विनाकारण मोटारसायकल पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी मुक्ता तात्यांकडे गेली. मी बरोबर होते. तिने अगदी हळू सांगितलं, "आजोबा, डब्यात काही घालू नका. रिकामा दिलात तरी चालेल."

तात्यांनी तिच्याकडे बघितलं. रागावले नाहीत, हे जास्त वाईट. म्हणाले, "रिकामं भांडं ह्या घरातनं कदी गेलं नाय गो. आता नको डबा. मला भूकपन नाय लागत."

आणि तात्यांचा डबा बंद झाला, मागोमाग बाकीच्यांचेही.

तात्यांचा मुलगा रमेश मुंबईला कुरियरच्या कंपनीत आहे, दिवा स्टेशनजवळ चाळीसारख्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. चांगला मुलगा. त्याचा मला फोन आला. "ताई, बाबा काय खातच नाय, असं कळलं. इथं टेन्शनने मला काय सुचत नाय. लावणी झाली की मी येतो नि त्यांना घेऊनच जातो." त्याला काय म्हणणार? बाप उपाशी आहे हे कळलेल्या मुलाने आणखी काय करायचं?

तात्या एकदाच मुंबईला गेले होते आणि आठवड्यात परत आले होते. रमेशचा निरोप मी त्यांना सांगितला तेव्हा ते ओटीवर बसून तंबाखू मळत होते. चिमूट दाढेखाली सारली. मग म्हणाले, "सुमे, चवथ्या माळ्यावर थुकायचं कुठं गो?" मला हसूच फुटलं. हसता हसता त्यांच्याकडे पाहिलं तर ते हसत नव्हते. त्यांना खरंच भीती वाटत होती. जेवले तर इथे राहतील, नाही जेवले तर जावं लागेल, आणि परक्याचं फुकटचं अन्न तर घशाखाली उतरत नाही. पेच असा होता.

आजही मला वाटतं, अन्न देणं सोपं असतं. घेणाऱ्याला मान वर ठेवून घेता येईल असं देणं, त्याला अक्कल लागते. ती आम्हा कोणाजवळ नव्हती. पण रीतीने केलेला घोटाळा रीतीनेच निस्तरला, त्याची गंमत सांगते.

मुक्ता मैत्रिणीकडे नाते गावाला गेली होती. तिथे सावडीने लावणी चालली होती. आज सगळ्यांनी एकाचं शेत लावायचं, उद्या दुसऱ्याचं. मजुरी नाही, हिशेब माणसाला माणूस. आणि ज्याचं शेत त्याच्या घरचं जेवण. दुपारी बांधावर पंगत बसली. गावातली चारचाकीवाली बाई चिखलाच्या पायांनी बसून "वाढ गो आणखी" म्हणत हात पुढे करत होती. कोणाला लाज नाही, संकोच नाही. जेवण केळीच्या पानावर. जेवून झालं की पान गुंडाळून बांधापलीकडे टाकलं, विषय संपला. परत करायला भांडंच नव्हतं!

मुक्ता भिजत दुकानात आली ती ओरडतच. "आई, मामाची खाचरं पडीक आहेत ना?"

माझ्या भावाची खाचरं तात्यांच्या घराला लागूनच आहेत. कित्येक वर्षं त्यांत गवत आणि खेकडे याखेरीज काही पिकलं नव्हतं. भावाला मुंबईला फोन लावला. तो म्हणाला, "लावा रे बाबांनो, पिकलं तर मला किलोभर पाठवा." झालं. माझा भाऊ इतक्या लवकर कशालाच हो म्हणत नाही.

वाडीत बैल उरले नव्हते. खालच्या गावातून पॉवर टिलर आणायचा, तर मध्ये पऱ्या. पिंट्याच्या पाळीतले दोस्त एमआयडीसीच्या बसमधून थेट आले, अंगावर अजून कंपनीचे निळे कपडे. त्यांनी टिलर बांबूंना बांधला आणि पालखी उचलावी तसा खांद्यावर घेऊन पऱ्या ओलांडला. मागून बायका ओरडत होत्या, "जपून रे, नवरदेवाला भिजवू नका!" काठावर पोहोचल्यावर कळलं, डिझेलचा कॅन अलीकडेच राहिला. पिंट्या परत गेला. तो त्या दिवशी किती वेळा भिजला आणि किती वेळा वाळला ते विचारू नका.

आता रोप. रोप तर आधी पेरून वाढवावं लागतं, आणि आमचा उत्साह उशिराचा. पण प्रत्येक शेतकऱ्याकडे लावणीनंतर थोडं रोप उरतंच. पोरांनी घरोघर फिरून ते उरलेलं गोळा केलं. कोणाचं लवकर पिकणारं हळवं, कोणाचं उशिरा येणारं गरवं, कोणाचं बारीक तांदळाचं, कोणाचं जाड. पुढे ते शेत तुकड्या-तुकड्यांनी पिकलं. एक कोपरा पिवळा, शेजारचा अजून हिरवा. चिंध्यांची गोधडी शिवलेली दिसावी तसं ते वाडीवरून दिसायचं, आणि मला ते जगातलं सगळ्यात सुंदर शेत वाटायचं. ज्यांना वाकता येत नाही त्यांनी तांदूळ पाठवावा, सुकट पाठवावी, तीही सावडच, असंही ठरलं. मग खालच्या गावच्या बायकांची हौस पुन्हा उफाळली.

पहिल्या दिवशी वाडीतल्या म्हाताऱ्यांपैकी सीताकाकू एकटीच आली. कंबर धरत चार मुठी लावल्या आणि म्हणाली, "झाली माजी लावनी. आता चुलीचं बगते." तिने बांधाशेजारी तीन दगड मांडले, वर ताडपत्री धरायला लावली आणि असा काही भात शिजवला की वास सगळ्या वाडीभर फिरला. एकेक म्हातारं दारात आलं. कोणी रोप उपटायला बसलं, कोणी बांधाला मातीचा हात लावला. एकदा हात लावला की मग पानावर हक्काने बसायचं. दुपारी पंगतीत वाडी सगळी होती. तात्या नव्हते. ते आपल्या ओटीवर शेताकडे पाठ करून बसले होते. मुक्ता त्यांना बोलवायला निघाली, तिला मी धरलं.

दुसऱ्या दिवशी ते पाठ करून बसले नाहीत. सकाळी उशिरा डोक्यावर इरलं घेऊन बांधावर आले आणि ओरडायलाच लागले. "काय रे ही लावनी! दाट लावा!" पोरांनी दाट लावलं. थोड्या वेळाने, "एवढं दाट कोन लावतं रे?" पोरांनी पातळ लावलं. मग पाणी जास्त झालं, मग पाणी कमी झालं. पिंट्या रात्रपाळीचा जागा होता, तो बांधाला टेकून डुलक्या देत होता, त्याच्यावर तर तात्यांनी विशेष तोंडसुख घेतलं. त्यांच्या सूचना जर सगळ्या ऐकल्या असत्या तर ते शेत आजपर्यंत लावून झालं नसतं. पण काय आवाज लागला होता! किती दिवसांनी तात्या ओरडत होते! मुक्ता चिखलात वाकलेली, मान खाली घालून हसत होती.

सीताकाकूने पानं मांडली. तात्या निघाले.

"तात्या, जेवायला बसा," मी म्हटलं.

"मी काय काम केलं गो, जेवू?"

सीताकाकू चुलीजवळून म्हणाली, "एवढा घसा फोडलास तो काय फुकट?"

सगळे हसले. तात्या मात्र गंभीर. ओरडणं कामात धरत नाहीत, असं त्यांचं मत. मग मुक्ताने उपटलेल्या रोपाचा भारा त्यांच्यापुढे आणून टाकला. लावणाऱ्यांकडे मुठी फेकत राहणं हेही लावणीतलं कामच, आणि ते बांधावर बसून करता येतं. तात्या बसले. पहिली मूठ पिंट्याच्या पाठीत बसली, दुसरी त्याच्याच. तिसरी मात्र पिंट्याने झेलली आणि ओरडला, "तात्या, आता बॉलिंग बदला!" भारा संपेपर्यंत तात्यांनी हात थांबवला नाही. मग पऱ्यावर हातपाय धुऊन आले आणि कोणी काही म्हणायच्या आत पानावर बसले.

भात होता, सुकटीचं कालवण होतं, अळूचं फतफतं होतं. तात्यांनी भातात बोटं घातली, कालवलं, पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. आम्ही सगळे आपापल्या पानात बघत होतो, पण कान तिकडे. मग त्यांचा आवाज आला, "कालवान कमी हाय इकडं." मुक्ता भांडं घेऊन धावली. मी पानातला घास तसाच धरून बसले होते.

त्यानंतरचे दिवस आठवले की मला अजून बसल्या जागी बरं वाटतं. गुडघाभर गार चिखल, त्यात बोटांना रोपाच्या चार काड्या खोचल्याचा तो मऊ स्पर्श. पाठीवर धरलेलं प्लास्टिक आणि त्यावर वाजणारा पाऊस. मध्येच ढग खाली उतरायचा आणि शेजारी लावणारी बाई नुसता आवाज व्हायची. चिंबोरी सापडली की लावणी थांबायची, सगळे त्या खेकड्यामागे. भारंगीची भाजी कडू झाली म्हणून सीताकाकूशी भांडण, आणि तीच भाजी संपली म्हणूनही भांडण. वाडीतली ती माणसं, ज्यांना भूक लागत नव्हती, ती सकाळपासून चुलीकडे नजर ठेवून असायची. भुकेला माणसं लागतात. शेजारी कोणी मचमच करत जेवायला असलं की ती आपोआप येते. तिखट कमी पडलं तर तक्रार ऐकायला कोणीतरी लागतं. आता तीन वाड्यांवर पोरं अशी सावड लावतात. कापणीलाही जमतात, आणि एरवी आठवड्यातून एक दिवस देवळापुढे सगळ्यांची मिळून चूल पेटते. पण तो पहिला आषाढ वेगळाच होता. तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं की हे जमेल.

शेवटच्या दिवशी थोडं रोप उरलं होतं. घराखालचा तात्यांचा स्वतःचा लहान तुकडा मोकळा होता. पोरांनी न विचारता त्यात पाय घातला. म्हणजे त्या दिवशी सावड तात्यांची, आणि जेवण तात्यांच्या दारात. तांदूळ सगळ्यांनी मिळून घातलेला होता, पण चूल तात्यांची, आणि यजमानही तात्याच. त्यांनी ठेवणीतला पांढरा सदरा घातला होता. तो अजून सैल होता, पण खांद्यावर नीट बसला होता. पंगतीतून फिरत ते एकेकाच्या पानात बघत होते, "ह्याला भात वाढा रे! पोरी, तू लाजू नको!" यजमान शेवटी जेवतो, म्हणून ते अजून जेवले नव्हते.

तेवढ्यात रमेश आला. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात बूट, खांद्यावर मोठी रिकामी बॅग. बापाचे कपडे भरायला आणलेली. तो अंगणाच्या कडेला उभा राहिला आणि बघत राहिला. त्याने घरी एकटा, आजारी म्हातारा असेल असं धरलं होतं. इथे अंगणभर माणसं जेवत होती आणि मध्ये त्याचा बाप वाढप्यांवर ओरडत होता.

तात्यांनी त्याला पाहिलं. कधी आलास नाही, कसा आहेस नाही. "मुक्ते, एक पान मांड गो."

"बाबा, मी तुम्हाला न्यायला आलोय," रमेश म्हणाला.

"माजी मानसं जेवाची हायत अजून. बस आदी."

रमेश बसला. बूट शेजारी ठेवले. तात्यांनी स्वतः त्याला भात वाढला, वर कालवण घातलं, आणि तो नको म्हणेपर्यंत, म्हटल्यावरही, वाढत राहिले. रमेश मान खाली घालून जेवला. जेवून उठला, हात धुतले, आणि मुक्ताच्या हातातला डाव घेतला. "आता तुम्ही बसा, बाबा." तात्या बसले. रमेश वाढायला लागला. भात घातला, संपला. पुन्हा घातला, पुन्हा संपला. तिसऱ्यांदा तात्यांनी नुसतं पानाकडे बोट दाखवलं. रमेशने डाव भरभरून वाढलं.

मग त्याचा फोन वाजला. बायकोचा असावा. अंगणात आवाज नीट येईना, म्हणून तो बाहेर पडून पावसातच घरामागच्या उंच बांधावर चढला. एक हात कानावर ठेवून मोठ्याने बोलू लागला आणि ते सगळ्या वाडीला ऐकू येऊ लागलं.

"नाय, नाय आणत त्यांना! ... अगं बरे आहेत! ... जेवतायत! ... हॅलो? जेवतायत म्हणतोय! ... माझ्यासमोर बसून जेवतायत गं!" आणि तो तसाच फोन धरून बांधावर उभा राहिला.

तात्यांनी मान वर केली नाही. बोटांनी पानाची कड निपटली आणि सीताकाकूला म्हणाले, "भात हाय ना गो अजून?"